ॲडहॉक म्हणजे किती दिवसांचं?

सेक्रेटरी (अ-१०२): नमस्कार. लिफ्टच्या कामासाठी तिघांची ॲडहॉक कमिटी केली आहे. नवीन निवडणूक होईपर्यंत सगळं हीच कमिटी बघेल.

ब-२०४ काकू: ॲडहॉक म्हंजे तात्पुरतंच नव्हं? मग मराठीत लिहा की ओ.

अ-३०१ सर: काकू, दोन्ही एक नव्हे. लॅटिनात 'ॲड' म्हणजे साठी, 'हॉक' म्हणजे हे. ह्याच्यासाठी. आपला 'तदर्थ' तसाच घडलाय, त्याच्यासाठी. किती दिवस ते शब्दात नाहीच, कुठलं काम तेवढं आहे. घटनेच्या १२७ व्या कलमात बघा, सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांचा कोरम भरेना झाला की हायकोर्टातला न्यायाधीश ॲडहॉक म्हणून बोलावता येतो.

क-१०१: कोरम आपल्या मीटिंगला तरी कधी भरलाय 😀

सेक्रेटरी: मग इंटरिम लिहू काय?

अ-३०१ सर: इंटरिम म्हणजे 'दरम्यान'. जुनी कमिटी गेली, नवी यायची आहे, मधल्या काळात सगळा कारभार बघणारी ती इंटरिम. मराठीत हंगामी म्हणा, अंतरिम म्हणा. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, बेळगावात अंतरिम शब्द कुणाला शिकवायला नको. तुमच्या मेसेजात लिफ्टपण आलीय आणि निवडणुकीपर्यंत सगळंपण. गोंधळ तिथं आहे.

ब-२०४ काकू: तेच सांगालोय मी. मागच्या ॲडहॉकवाल्यांना टाकी धुऊन घ्या म्हटलं, त्यांनी पार्किंगचे नंबर बदलून ठेवले.

ब-४०३: माझी वेगळीच गंमत. नवीन आलो तेव्हा गेटवरच्या कन्नड बोर्डावर 'तात्कालिक' वाचलं आणि इतिहासाच्या पेपरातली तात्कालिक कारणं आठवली. वॉचमन म्हणाला, तात्पुरतं ओ साहेब.

क-१०१: आणि लिफ्टच्या दाराला सुतळीनं बांधलेली फळी? तिला काय म्हणायचं? कुणीतरी तिच्यावर कॅलेंडर लावलंय, दर महिन्याला पानपण उलटतंय.

अ-३०१ सर: ती मेकशिफ्ट. हाताला लागलं त्यावर भागवलेलं.

सेक्रेटरी: बरं, सुधारून टाकतो. 'लिफ्ट दुरुस्तीपुरती तदर्थ कमिटी. कोटेशन मागवणे, काम करून घेणे, हिशोब देणे. त्यानंतर बरखास्त.' चालेल?

अ-३०१ सर: 👍

ब-२०४ काकू: आणि माझं पार्किंग?

सेक्रेटरी: ते रविवारी बोलूया की काकू.