स्क्रब टायफसचं कल्चर का करत नाहीत?

कुळागरवाली_सत्तरी: चवथीनंतर बाबांना ताप चढला, रोज कुळागरात गवत काढायला जातात ते. डेंग्यू निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह, शेवटी डॉक्टरना काखेत काळी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी, आणि लगेच स्क्रब टायफस (गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा ताप) म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू. ताप उतरला पण, दोन दिवसांत. आता ब्लड कल्चरचा (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघतात ती टेस्ट) रिपोर्ट आलाय 'नो ग्रोथ'. मग जंतू होता की नव्हता??

लॅबवाला_फोंडा: होता ओ, पण त्या बाटलीत तो जन्मात वाढणार नाही. हा ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, पेशीच्या आत शिरला तरच वाढतो. टायफॉईडचा साल्मोनेला पेशीत पण राहतो आणि अगारवर (लॅबमधली जंतू वाढवायची जेली) पण मजेत वाढतो म्हणून त्याचं कल्चर जमतं. याला जिवंत पेशीच पाहिजेत, लॅबमध्ये वाढवलेल्या, व्हेरो नाहीतर एल929 नावाच्या, व्हेरो म्हणजे माकडाच्या किडनीच्या, 1962 पासून जपानमधून चालत आलेल्या. त्यात पण कॉलनी वगैरे काही दिसत नाही, स्टेन करून, म्हणजे रंग लावून, बघायचं तेव्हा न्यूक्लियसच्या बाजूला घोळक्याने बसलेले सापडतात. आठवडे जातात यात आणि लॅब बीएसएल-3, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची, लागते. रिसर्चवाले करतात, पेशंटच्या रिपोर्टसाठी कोण करत बसणार.

डिचोलीचो_भुरगो: आमच्या काकांची वेल-फेलिक्स नावाची रक्ताची टेस्ट निगेटिव्ह होती तरी डॉक्टर स्क्रबच म्हणत होते, ते कसं काय?

लॅबवाला_फोंडा: वेल-फेलिक्स 1916 पासूनची टेस्ट, त्यात ओरिएन्शिया नसतोच, प्रोटियस नावाचा दुसराच जंतू वापरून अंदाज काढतात. खरे पेशंट कितीतरी निसटतात त्यातून. आयजीएम एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी बघायची टेस्ट) बरी, पण ती पण तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. खपली असेल तर तिचंच पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची टेस्ट) करायचं, सगळ्यात भारी.

पावसाळी_बेडूक: आणि रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नसतं, डॉक्टरनी बरोबर केलं. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यावर चालतच नाहीत, मेडिकलवाल्याला विचारून घेतात लोक. बाबांना सांगा ताप गेला तरी कोर्स पुरा करा म्हणून.

कुळागरवाली_सत्तरी: थँक्यू सगळ्यांना. आईची पण टेस्ट करू का, तीच सगळं बघत होती त्यांचं?

लॅबवाला_फोंडा: नको, माणसाकडून माणसाला होत नाही हा, गवतातल्या माइटची (बारीक किडा) पिल्लं चावून होतो. ती पण कुळागरात जात असेल आणि ताप आला तर मात्र लगेच दाखवा, खपली कुठे आहे का बघा, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली.