नजरेला नजर द्यायला शिकवणे म्हणजेच थेरपी का?

प्रश्न : गंगाखेडची आई

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात राहतो. आमचा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. तो हाक मारली तरी वळून पाहत नसे, म्हणून डॉक्टरांनी आधी बेरा, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घेतली. कान व्यवस्थित असल्याचे दिसल्यावर पुढील तपासण्या झाल्या आणि ऑटिझमचे निदान झाले. तो स्वतःहून मोजकेच शब्द बोलतो, टीव्हीवरच्या जाहिराती मात्र चालीसकट म्हणतो. मिक्सर सुरू झाला की कान दाबून धरतो, आनंद झाला की दोन्ही हात फडफडवतो, आणि दहीभात व बिस्किटे सोडून फारसे काही खात नाही.

ज्या खाजगी केंद्रात आम्ही त्याला नेतो, तिथे त्याला खुर्चीत बसवून ‘माझ्याकडे बघ’ असे सांगतात आणि त्याने नजर दिली की चॉकलेटची गोळी देतात. हात फडफडवले की ते मांडीवर दाबून ठेवतात. पालकांना आत बसू देत नाहीत. आता त्या इमारतीचा जिना दिसला तरी तो रडायला लागतो. केंद्रातील मॅडमचे म्हणणे असे की हे रडणे काम टाळण्यासाठी आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे, आणि सहा वर्षांच्या आत सुधारणा झाली नाही तर पुढे काही होत नाही. सासूबाईंनी परवा मला विचारले, ‘लेकराला बोलतं करायला नेतेस का गप बसवायला?’ मला उत्तर देता आले नाही.

मुलाचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो हे मान्य करून, त्याला इतरांसारखे दाखवण्याचा अट्टहास न करता केल्या जाणाऱ्या थेरपीबद्दल अलीकडे वाचनात आले. असे करणे म्हणजे नुसते लाड करणे होते का? आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी ती शोधायची कुठे?

उत्तर : ऑक्युपेशनल थेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपल्या सासूबाईंचा प्रश्न अगदी नेमका आहे. कोणत्याही केंद्रात मुलाला घालण्यापूर्वी पालकांनी हेच विचारायला हवे की ही थेरपी नेमकी कशासाठी आहे आणि तिच्यामुळे मुलाचे स्वतःचे जगणे कोणत्या बाबतीत सोपे होणार आहे. खुर्चीत गप बसणे, नजर देणे, हात न हलवणे या गोष्टींनी पाहणाऱ्याला बरे वाटते. मुलाला त्यातून काय मिळाले हे मात्र कोणी सांगत नाही.

या पद्धतीचे मूळ थोडे सांगतो. अमेरिकेत इवार लोवास या मानसशास्त्रज्ञांनी वर्तनावर आधारित उपचार रुजवले. १९८७ मध्ये त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवले गेले आणि त्यांपैकी ९ मुले इतर मुलांसारखी झाली असे मांडले गेले. मुले दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागलेली नव्हती, हा त्या अभ्यासावरचा मोठा आक्षेप आहे. शिवाय त्या काळच्या उपचारांत नको असलेले वर्तन थांबवण्यासाठी शिक्षाही वापरल्या जात. आज अनेक ठिकाणी ही पद्धत बरीच बदलली आहे आणि खेळातून, मुलाच्या आवडीतून शिकवले जाते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु आपण वर्णन केलेला प्रकार जुन्या वळणाचा आहे, आणि जिना पाहून रडणारे मूल काही शिकण्याच्या अवस्थेत नसते.

हात फडफडवणे हा आनंद व्यक्त करण्याचा किंवा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. त्यातून कोणाला इजा होत नसेल तर तो थांबवण्याचे कारण नाही. एखादे मूल डोके आपटत असेल किंवा हाताला चावत असेल तर अवश्य लक्ष घालावे लागते, पण तिथेही आधी दात, कान, पोट दुखते आहे का, झोप झाली आहे का, आवाज फार आहे का हे पाहावे लागते.

लाड होतील ही शंका बहुतेक पालकांना येते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांसाठी आम्ही उद्दिष्टे लिहितो ती अशी असतात : दुखते आहे हे सांगता येणे, नको असलेले नाकारता येणे, शौचाला जाण्याची सूचना देणे, कपडे घालणे, रस्त्यावर हात धरून चालणे. यांतले एकही सोपे नाही आणि प्रत्येकावर महिनोन्महिने काम होते. त्यात मुलाच्या होकाराला आणि नकाराला किंमत असते, एवढाच फरक आहे.

मिक्सरचेच उदाहरण घ्या. तो लावण्याआधी त्याला मिक्सरचे चित्र दाखवून ‘आता आवाज होणार’ असे सांगावे. कान झाकणारे हेडफोन हाताशी ठेवावेत किंवा दुसऱ्या खोलीत जाण्याची मुभा द्यावी. काही दिवसांनी तो तयार असेल तर बटण त्यालाच दाबू द्यावे, कारण आवाज केव्हा सुरू होणार आणि केव्हा थांबणार हे आपल्या हातात आहे असे कळले की बऱ्याच मुलांची भीती निम्म्यावर येते. जेवणाच्या बाबतीत जबरदस्ती करू नये. दहीभात ताटात कायम ठेवून शेजारी नवा पदार्थ नखाएवढा ठेवावा आणि तो खाल्लाच पाहिजे असे म्हणू नये. इतके मोजके पदार्थ खाणाऱ्या मुलाचे वजन व हिमोग्लोबिन मात्र बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

सहा वर्षांची मुदत सांगून भीती घालणे मला अनुचित वाटते. लवकर मदत मिळाली तर फायदा होतो हे खरे, पण मेंदू सहाव्या वाढदिवसाला शिकणे थांबवत नाही. केंद्रात जाऊन एवढेच विचारा : मला आत बसता येईल का, तो रडला तर तुम्ही काय करता, आणि पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट कागदावर लिहून द्याल का? पहिल्याच प्रश्नाला नकार आला तर पुढचे दोन विचारण्याची गरज नाही.

उत्तर : नांदेडचा वाचक

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान नोकरीला लागल्यानंतर झाले. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहिले की तो काय बोलतो आहे ते मला नीट ऐकू येत नाही, कारण माझे सगळे लक्ष पाहण्याच्या कामात खर्ची पडते. मान खाली घालून किंवा खिडकीकडे पाहून ऐकले तर प्रत्येक शब्द लक्षात राहतो. शाळेत मास्तर ‘इकडे बघ’ म्हणून दरडावत, तेव्हा मी पाहत असे आणि गणित हुकत असे.

इंग्लंडमधील डॅमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये असे मांडले की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. आम्हाला तुमचे हावभाव कळत नाहीत, तसेच तुम्हालाही आमचे कळत नाहीत. थेरपीचा सगळा भार मात्र एकाच बाजूवर टाकला जातो, आणि तीही बाजू सव्वापाच वर्षांची!

जाहिरातींविषयी एक सुचवतो. आपला मुलगा कोणती जाहिरात कधी म्हणतो याची नोंद ठेवा. मी लहानपणी भूक लागली की रेडिओवरच्या बातम्यांची सुरुवात म्हणत असे, कारण आमच्या घरी त्याच वेळी जेवायला बसत. ऐकणाऱ्याला ती निरर्थक बडबड वाटे.

उत्तर : जालन्याचे वडील

वरील मते मला पूर्णपणे पटत नाहीत. माझी मुलगी दार उघडे दिसले की थेट रस्त्यावर धावत जात असे, आणि आमचे घर हमरस्त्याला लागून आहे. ‘थांब’ म्हटल्यावर थांबणे तिला वर्तन थेरपीतूनच, लहान लहान पायऱ्या करून आणि दर वेळी बक्षीस देऊन शिकवले गेले. आज ती थांबते. मुलाचा कल पाहून चालायचे म्हणून आम्ही वाट पाहत बसलो असतो तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. तेव्हा सगळी वर्तन थेरपी वाईट असे चित्र नव्या पालकांपुढे उभे राहू नये.

उत्तर : ऑक्युपेशनल थेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

दादा, आपला मुद्दा मान्य आहे. रस्त्यावर थांबणे हे मुलीच्या जिवाशी संबंधित उद्दिष्ट आहे आणि ते शिकवण्यासाठी पायऱ्या व बक्षीस वापरण्यास माझी हरकत नाही. ती धावत का होती, घरातला आवाज असह्य होत होता की रस्त्यावरची वाहने आवडत होती, हे शोधले असेल तर उत्तमच. माझा आक्षेप निरुपद्रवी सवयी दाबण्याला आणि बंद दारामागे चालणाऱ्या प्रशिक्षणाला आहे.

उत्तर : विशेष शिक्षक, बीड जिल्हा

‘शोधायची कुठे’ या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, म्हणून लिहितो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. अंगणवाडी आणि शाळा तपासणारे पथक मुलांना तिथे पाठवते, पण पालकांनी स्वतःहून चौकशी केली तरी चालते. प्रत्येक केंद्रातील सर्व पदे भरलेली असतील असे नाही, म्हणून वाक्‌तज्ज्ञ कोणत्या वारी असतात हे आधी विचारून मगच एसटीत बसावे. शाळेसाठी आपल्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात जावे, कारण समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक तिथे नेमलेले असतात. खाजगी केंद्रात विशेष शिक्षक म्हणवणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

आता घरच्या कामाबद्दल. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ६५ ऑटिस्टिक मुलांपैकी निम्म्या मुलांच्या पालकांसोबत घरी जाऊन काम केले. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण त्यांनाच दाखवायचे आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करते ते क्षण ओळखायला शिकवायचे, अशी ती पद्धत होती. त्या पालकांचा मुलाशी सूर अधिक जुळला आणि मुलांनी आपणहून संवाद साधण्याचे प्रमाणही वाढले. मोबाईलवर पाच मिनिटांचे चित्रीकरण करून रात्री दोघांनी शांतपणे पाहावे. आपण किती प्रश्न विचारतो आणि किती थोडा वेळ थांबतो, हे त्यात लगेच दिसते.

माझ्या वर्गातील एक लेकरू दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाते. तिथे थेरपी वगैरे काही नसते. त्याच्यासाठी आम्ही तळहाताएवढी चित्रे प्लास्टिकमध्ये बंद करून सुतळीत ओवली आहेत : नको, पाणी, भाकर, दुखतंय, आई, झोप. ‘नको’ मुद्दाम सर्वांत वर ठेवले आहे, कारण नकार देण्याची सोय झाली की ओरडणे आणि चावणे बरेच कमी होते, असे माझे निरीक्षण आहे. ती माळ कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या दाराला लटकलेली असते आणि शेजारच्या कोपीतील बायकाही ती ओळखतात. चित्रे दिल्याने मूल बोलायचे थांबेल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु आजवरच्या संशोधनात तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे त्यामुळे वाढते. मोबाईल चालत असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले जेलो हे ॲप मोफत आहे आणि ते मराठीतही चालते.

उत्तर : औशाची पालक

नातेवाइकांविषयी थोडेसे. आमच्याकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला सगळा गोतावळा शेतावर जमतो. भज्जी, आंबील, माणसांचा गलका, त्यातच कोणीतरी गाणी लावतो. माझा मुलगा दरवर्षी कडब्याच्या कोपीत पूजेच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो, आणि आम्ही त्याचे ताट तिथेच नेऊन देतो. पूर्वी ‘बाहेर काढा त्याला, चार माणसांत बसू द्या’ असे सल्ले मिळत. मी सर्वांसमोर एकदाच सांगितले की त्याला सण आवडतो, गलका आवडत नाही. आता त्याची चुलत भावंडेच कंटाळली की त्याच्याकडे जाऊन बसतात.

आणखी एक सावधगिरीची सूचना. ‘ऑटिझम कायमचा बरा करतो’ असे सांगून स्टेम सेलचे (मूलपेशींचे) लाखो रुपयांचे उपचार विकले जातात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही. त्यासाठी शेत विकू नये.

पुन्हा : गंगाखेडची आई

सर्वांचे मनापासून आभार. केंद्रात विचारले, आत बसण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून तिथे जाणे बंद केले आहे. जिल्ह्याच्या केंद्रात पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. आता घरात वाद सुरू आहे तो दिव्यांग प्रमाणपत्रावरून. यजमानांचे म्हणणे असे की एकदा शिक्का बसला की शाळा प्रवेश नाकारेल आणि पुढे धाकट्या बहिणीच्या लग्नातही अडचण येईल.

उत्तर : विशेष शिक्षक, बीड जिल्हा

यजमानांची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु कायदा त्यांच्या समजुतीच्या उलट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केल्यावर शासकीय रुग्णालयात ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर तपासणी होते. त्या दिवशी मुलाच्या आवडीची वस्तू आणि दहीभाताचा डबा सोबत ठेवा, कारण रांगेत बराच वेळ जातो.

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. एसटीच्या भाड्यातही सवलत आहे. प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही हे तुम्ही ठरवायचे असते, लग्नाच्या बैठकीत ते कोणी मागत नाही. शाळेत मात्र पहिल्याच दिवशी दाखवा आणि मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या : घंटेपासून दूरची जागा, गलका वाढल्यावर वर्गाबाहेर जाण्याची परवानगी, आणि चित्रांची माळ दप्तराबाहेर ठेवण्याची मुभा.