शब्दचर्चा: शहराशहरांतल्या ‘पार्टनरशिप’ला मराठीत काय म्हणावं?

माईघाट
मंडळी, एका ठिकाणी अडलेय. एक पुस्तिका मराठीत आणतेय. विषय असा की दोन देशांतल्या नगरपालिका आपसात करार करतात आणि कचरा, सांडपाणी, पूर असल्या कामांसाठी एकमेकींचे अभियंते, आरोग्य निरीक्षक बोलावून घेतात. या नात्याला मुळात तीन शब्द आलेत: पार्टनरशिप, ट्विनिंग, सिस्टर सिटी. मी अनुक्रमे भागीदारी, जुळी शहरं आणि भगिनी शहर असं केलं. सासऱ्यांनी चाळलं आणि म्हणाले, “सांगलीत जुळी शहरं म्हटलं की माणूस सांगली-मिरजच समजणार.” खरंच आहे ते. वाचणार आहेत नगरसेवक आणि बचतगटातल्या बायका. सुचवा काहीतरी.

मिरजवाला
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. जुळी म्हणजे एका आईची. करार करून कुणी जुळं होत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट यांचं नातं १९६८ पासूनचं, पण त्यांना जुळी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

जुने मास्तर
माईघाटताई, ‘भगिनी शहर’ मात्र कृपा करून छापू नका. शहर फारसी आणि नपुंसकलिंगी, भगिनी संस्कृत आणि स्त्रीलिंगी. ‘ते भगिनी शहर’ हे कानाला कसं लागतं ते एकदा मोठ्यानं वाचून बघा. ‘भगिनीनगरी’ लिहा. ‘भागीदारी’तलं ‘दार’सुद्धा फारसीच. ‘सहभागित्व’ हा स्वच्छ शब्द आहे. लोकांना जड वाटेल म्हणून घाबरायचं कारण नाही. सावरकरांनी ‘महापौर’ दिला, आज तो कुणाला जड वाटतो?

वेण्णाकाठ
मास्तर, महापौर रुळला कारण तो पाटीवर आला, पेपरात रोज आला. सहभागित्व कोण रोज म्हणणार? फारसी काढायचं तर जिल्हा नि तालुका पण काढा, मग पत्ता कसा लिहायचा सांगा.
भागीदारीला माझीही हरकत आहे, पण वेगळी. तुमच्या सांगलीच्या हळद पेठेत भागीदार म्हणजे नफ्या-तोट्याचा वाटेकरी. इथं नफा कुणाचा?
माझा शब्द आहे पैरा. आमच्या वडिलांकडं एकच बैल. शेजारच्या रानातल्या अण्णांकडं एक. पेरणीला दोन्ही बैल एका औताला, आज आमचं रान, उद्या त्यांचं. मधेच पाऊस आला आणि त्यांचं रान राहिलं तर वडील रात्री झोपत नसत, कारण आपलं झालं आणि त्यांचं राहिलं. कुणी सावड म्हणतं, कुणी वारंगुळा. पैशाचा संबंध नाही, पण फेड चुकत नाही. ताईंच्या करारात हेच अपेक्षित आहे ना?

मिरजवाला
शब्द गोड आहे, पण पैरा बरोबरीच्यांत होतो. परदेशातली श्रीमंत पालिका आणि आपली, यात कुठली बरोबरी? त्यांचे साहेब येणार, प्रेझेंटेशन देणार, जाणार. त्याला मदत म्हणा, प्रामाणिक तरी राहील.

माईघाट
नाही, मदत म्हणणार नाही. पुस्तिकेतलंच उदाहरण बघा. जपानचं किताक्युशू आणि इंडोनेशियाचं सुराबाया. किताक्युशूत १९६० च्या दशकात कारखान्यांनी इतकी घाण केली होती की तिथल्या दोकाई उपसागराला मृत समुद्र म्हणत. धुराविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या तिथल्या बायका. त्या शहराची माणसं पुढं सुराबायात गेली ती ओल्या कचऱ्यासाठी. टाकाकुरा नावाच्या तज्ज्ञानं जपानहून यंत्र आणलं नाही. तिथल्याच आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू घेतले, भाताचा कोंडा नि तूस मिसळलं आणि धुण्याचे कपडे ठेवतात तसल्या भोकाच्या टोपलीत घरच्या घरी खत केलं. घरोघर ते पोचवलं तिथल्या महिला गटांनी. पुढं हीच पद्धत दुसऱ्या देशांतल्या शहरांतही गेली. आता सांगा, यात देणारा कोण आणि घेणारा कोण? बचतगटाच्या बाईनं हे वाचताना ‘मदत’ शब्द वाचला तर ती हात पसरूनच बसेल.

वेण्णाकाठ
ताई, तुम्हीच पैऱ्याची बाजू मांडलीत!

हळदीचा वास
साधं ‘सहकार्य’ का नको?

मिरजवाला
सांगली जिल्ह्यात सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि सोसायटीची निवडणूक.
आणि एक बोलतो. परदेशाआधी शेजाऱ्याशी करा की. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फुटांची, २०१९ च्या पुरात पाणी त्याच्या किती वर गेलं ते सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा आमचं लक्ष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडतात याकडं होतं. ताई, पुस्तिकेत पुराची पातळी मीटरमध्ये असेल तर फूट करा. आमच्याकडं म्हातारीसुद्धा “आयर्विनला किती फूट?” असंच विचारते.

माईघाट
फूट करते. आणखी एक: स्थानिक उदाहरण म्हणून सांगलीतला शेरी नाला घेतलाय. तिथं सांडपाणी लिहू की मैलापाणी?

जुने मास्तर
मोरीतलं, न्हाणीतलं ते सांडपाणी. संडासाचं मिसळलं की मैलापाणी. शेरी नाल्यातून कृष्णेत जातं ते दुसरं. सौम्य शब्द लिहून नदी स्वच्छ होत नाही, मैलापाणीच लिहा. आणि शेरी म्हणजे सरकारची, संस्थानिकाची खाजगीतली जमीन. तिच्यातून वाहणारा तो शेरी नाला.

हळदीचा वास
माझ्या आजोबांनी वेगळं सांगितलंय. काठाला शेराची कुंपणं होती म्हणून शेरी. मोडलं की पांढरा चीक येतो ते झाड.

जुने मास्तर
शेराचं विशेषण ‘शेरी’ होत नाही. शेराचं कुंपण असंच म्हणतात.

हळदीचा वास
लोक व्याकरण बघून नावं ठेवत नाहीत, सर. आजोबा त्या काठाला वाढलेत.

वेण्णाकाठ
आमच्याकडंही शेरीची रानं आहेत आणि तिथं एकही शेर नाही. मी मास्तरांच्या बाजूचा.

मिरजवाला
जुन्या फेरफारात जमिनीला ‘शेरी’ अशी नोंद निघाली तर मास्तरांचं खरं. तलाठी ऑफिसात कुणाची ओळख आहे का?