वाचनालयाला दीड लाखाची देणगी मिळतेय. गेट घेऊ की स्कॅनिंग करू? (सांगली)

भडंगवाला:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत 'क' वर्ग. पुस्तकं १४ हजारांच्या आसपास, ग्रंथपाल एक, आणि मी बिनपगारी चिटणीस. २०१९ च्या ऑगस्टात पाणी शिरलं तेव्हा खालचे दोन कप्पे गेले. पुस्तकं गेलीच, पण आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली दाखल नोंदवहीपण भिजली. त्यामुळे नेमकं काय गेलं ते आजही सांगता येत नाही. आता एक देणगीदार दीड लाख देतायत. विक्रेता येऊन आरएफआयडी (पुस्तकात चिकटवायच्या रेडिओ चिपा), नोंद न करता पुस्तक नेलं की आपोआप वाजणारं गेट, मोबाईल ॲप असं सगळं दाखवून गेला आणि कार्यकारिणी खूश आहे. मला वाटतं सगळी पुस्तकं स्कॅन करून घ्यावीत. कुणाचा अनुभव?

ग्रंथपाल_मिरज:
गेटचा नाद सोडा की वो. दिवसाला येणार पन्नास-साठ वाचक, त्यातले निम्मे पेपर वाचून जाणार. साध्या लेझर प्रिंटरवर छापलेले बारकोड आणि टेबलावर एक स्कॅनर, झालं काम.

पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळायला कोहा हे सॉफ्टवेअर बघा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे, मुक्त स्रोत, परवान्याचे पैसे नाहीत. देवनागरीत नोंद करा, देवनागरीत शोधा. पण फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. लिनक्सवर बसवायला जाणकार माणूस लागतो आणि वर्षाला सर्व्हरचं भाडं. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही आहे, त्याची जिल्हा ग्रंथालय कार्यालयात चौकशी करा.

नोंदी मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी देवनागरीच दिसते. आम्ही २००६ साली आठ हजार नोंदी जुन्या फॉन्टात टाईप करून घेतल्या होत्या. संगणक बदलला आणि कादंबऱ्यांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं नि कंस उमटले. सगळं परत टाईप केलं. ऑपरेटर अजून माझ्याशी धड बोलत नाही.

कंदीपेढा:
सगळी पुस्तकं स्कॅन? अजिबात नको. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर पडून आहेत. अडचण एकच, नावं रोमन लिपीत आणि स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मनाचं, त्यामुळे देवनागरीत शोधून सापडत नाहीत. दोन-तीन प्रकारे लिहून बघा.

तुमच्याकडे जे आहे आणि जगात दुसरीकडे नाही, ते आधी घ्या. सभांची इतिवृत्तं, शाळांचे महोत्सवी अंक, व्याख्यानमालेच्या पत्रिका, हस्तलिखित मासिकं. कादंबरीची प्रत कुठेतरी मिळते, तुमच्या १९४८ च्या सभेचं इतिवृत्त मिळत नाही.

नेटवर टाकताना हक्क बघा. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं २०११ पासून खुलं आहे. ज्यांची मुदत संपलेली नाही ती पुस्तकं टाकू नका.

आणि सपाट स्कॅनरवर जुनं पुस्तक दाबू नका, बांधणी जाते. वरून फोटो घेता येईल असा स्टँड करा, दोन्ही बाजूंनी दिवे लावा.

कराडची_शोधार्थी:
दादा, माझं संशोधन व्याख्यानमालांवरच आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर लोकांचे प्रबंध मिळाले, पण मूळ पत्रिका कुठल्या कपाटात आहेत ते कळायला दोन वर्षं गेली. तुम्ही नुसती यादी जरी टाकलीत तरी आमच्यावर उपकार.

ओसीआरबद्दल (पानाच्या चित्रातून शोधता येईल असा मजकूर काढणं): टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरला मराठी येतं आणि ते फुकट आहे. अलीकडच्या स्वच्छ छपाईवर चांगलं चालतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईत रफार आणि जोडाक्षरांवर अडखळतं. म्हणून मी एक पान एआयकडे दुरुस्तीला दिलं. त्याने १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अनुस्वार सगळे पुसून टाकले, वर एक वाक्य असं घातलं जे पानावर नव्हतंच! वाचायला इतकं छान की चूक लक्षातही आली नसती. तेव्हापासून मजकुराशेजारी पानाचं चित्र ठेवते, आणि उद्धृत करायचं ते चित्रावरूनच. तुम्हीही मजकूर फक्त शोधण्यापुरता धरा.

वाईचे_काका:
कृष्णा उगम पावते आमच्या डोक्यावर, महाबळेश्वरला, आणि पूर मात्र तुमच्या दारात. तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, तिसरी गावाबाहेर. आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या रेषेवर गेल्यावर डिस्क शोधत बसाल काय? आमच्या ओळखीच्या एका संस्थेत संगणक आणि डिस्क एकाच टेबलाच्या खणात होते, दोन्ही एकदमच भिजले. हवं तर तुमची डिस्क माझ्याकडे पाठवा, माझं घर चढावर आहे.

भडंगवाला:
लई आभार. बारकोड, कोहा आणि इतिवृत्तांपासून सुरुवात, एवढं मी ठरवलंय. रविवारी बैठक आहे. अध्यक्षांना गेटच हवंय, म्हणतात गेट नसेल तर उद्घाटनाची फीत बांधायची कुठे? काका, डिस्क तुमच्याकडेच. कराडच्या ताई, दिवाळीनंतर दोन दिवस येऊन ओसीआर दाखवाल का? जेवण आमच्याकडे, भडंग वेगळं.

कराडची_शोधार्थी:
येते की. पत्रिकांचे गठ्ठे तेवढे आधी उन्हाच्या झळीपासून दूर, सावलीत पसरून ठेवा. आणि फीत स्कॅनिंगच्या स्टँडला बांधा म्हणावं.