ब्रॅकीथेरपीला मराठीत काय लिहावं?

प्रश्न (लातूर): पेशंटसाठी माहितीपत्रक लिहितोय. ब्रॅकीथेरपीला 'अंतर्गत किरणोपचार' चालेल का? आमच्याकडं बाया 'आतून शेक' म्हणतात.

उत्तर: 'अंतर्गत' चूक नाही, पण नुसतं तेवढंच लिहू नका. त्यात दोन वेगळे उपचार येतात. थायरॉइडच्या कॅन्सरला किरण सोडणारं आयोडीन-१३१ पोटात देतात. ते रक्तातून अंगभर फिरतं, म्हणून त्या पेशंटला काही दिवस लेकरांपासून, गरोदर बाईपासून लांब राहायला सांगतात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं तसं नाही. आधी पाचेक आठवडे बाहेरून लाईट, म्हणजे किरण देतात. मग ब्रॅकीथेरपी करतात: पिशवीत पोकळ नळ्या बसवतात आणि तारेच्या टोकाला असलेला, किरण सोडणाऱ्या इरिडियम-१९२ चा बारीक कण मशीन त्या नळ्यांतून आत सोडतं. ठरलेल्या जागी तो ठरलेले सेकंद थांबतो आणि काही मिनिटांत मशीनमध्ये परत जातो. बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. घरी गेल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं! दोन्हींना एकच शब्द लावला की घरचे तिचं ताट वेगळं करतात, अन् ते तिच्या मनाला फार लागतं.

मी 'निकट किरणोपचार' लिहीन. ग्रीक 'ब्रॅकीस' म्हणजे आखूड, आणि उपचाराचं मर्म अंतरातच आहे. अंतर दुप्पट झालं की किरणांचा जोर साधारण चौथाईवर येतो. त्यामुळं गाठीला भरपूर मात्रा मिळते आणि शेजारची लघवीची पिशवी, गुदद्वाराकडचं आतडं बरंच वाचतं.

'शेक' बोलण्यात राहू द्या, बायांच्या तोंडचा शब्द आहे. फक्त खाली लिहा की किरण सोडताना चटका बसत नाही. नळ्या बसवताना दुखू नये म्हणून भूल किंवा औषध देतात, हेही लिहा. 'करंट' मात्र टाळा, शॉक बसेल या धास्तीनं बाई तारखेलाच येत नाही.

प्रश्न (धाराशिव): ताई, 'गर्भाशयग्रीवा' लिहावं की 'पिशवीचं तोंड'?

उत्तर: 'पिशवीचं तोंड'च लिहा दादा. आणि त्याच पानावर तपासणीचीही ओळ टाका. तुमच्याच जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, एकदाच केलेली तपासणीसुद्धा या कॅन्सरचे मृत्यू कमी करते, हे त्यातून दिसलं.