तालीम दादरला, घर बदलापूरला, आणि डिसेंबरातल्या रजा: कसं जमवता?

रात्रीची_कर्जत

नमस्कार मंडळी. नाटकवाल्यांनी आणि नाटकवाल्यांच्या घरच्यांनी, दोघांनीही उत्तर द्यावं अशी विनंती.

मी बदलापूरला राहते, ऑफिस लोअर परळला, आणि बरीच वर्षं एका हौशी संस्थेत काम करते. जानेवारीत आमच्या नव्या दोन अंकी नाटकाचा पहिला प्रयोग आहे. माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिराची रविवारची सकाळची तारीख मिळालीय. सात पात्रं, त्यातली दुसरा अंकभर स्टेजवरून न हलणारी बाई मी. शिवाय संहिताही माझीच. म्हणजे तालमीत एखादा प्रवेश अडला की सगळे माझ्याकडे बघतात आणि तो मी रात्री घरी जाऊन पुन्हा लिहायचा.

ऑफिस सुटलं की करी रोडवरून स्लो पकडून दादर, तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये सात ते दहा तालीम, मग कर्जत नाहीतर बदलापूर, जी मिळेल ती. दादर ते बदलापूर साठेक किलोमीटर, फास्ट असली तरी सव्वा तास. घरी पोचून जेवेपर्यंत तारीख बदललेली असते.

याबद्दल रडगाणं नाही. उलट दहानंतरच्या गाडीसारखी पाठांतराची जागा नाही. घाटकोपर येईपर्यंत बसायला जागा मिळते, आणि आमच्या डब्यात एक मावशी असतात, दादरला साड्यांच्या दुकानात कामाला. हल्ली मटार स्वस्त झाल्यापासून त्या मांडीवर पिशवी घेऊन सोलत असतात. एकदा त्यांनी विचारलं, काय पुटपुटतेस? मी संहिता पुढे केली. तेव्हापासून त्या मला क्यू देतात. एका हाताने शेंग फोडायची, अंगठ्याने दाणे पिशवीत लोटायचे, आणि नजर कागदावर ठेवून वाक्य वाचायचं. सगळी पात्रं एकाच सुरात, नवऱ्याचा संताप आणि मोलकरणीचा निरोप दोन्ही सारखेच. समोरून काहीच 'अभिनय' येत नसल्यामुळे मला माझं वाक्य खरोखर आठवावं लागतं. दिग्दर्शकाला सांगितलं तर तो म्हणाला, त्यांनाच घे मोलकरणीच्या भूमिकेत. असो.

अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्षाच्या उरलेल्या रजा ३१ डिसेंबरला बुडतात, म्हणून शेवटचा आठवडा घेऊन ठेवलाय. हे दिग्दर्शकाला कळलं आणि त्याने लगेच दिवसभराच्या तालमी लावायचं ठरवलं. 'तू मोकळीच आहेस' हे त्याचं वाक्य.

मी मोकळी नाहीये. मुलीला नाताळची सुट्टी आहे. सासऱ्यांचा दमा नेमका थंडीत वर येतो, आणि नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. दोन दिवस माहेरी अलिबागला जायचंय, तिथे वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात (मडक्यात शेंगा भरून विस्तवावर भाजतात) आणि मुलीने ती अजून एकदाही धड बघितलेली नाही. उरलेले दिवस मला घरी बसायचंय. सकाळी बदलापुरात अंगावर शाल घ्यावी लागते, एवढी थंडी मुंबईच्या वाट्याला येत नाही. ती मला वर्षभरात फक्त प्लॅटफॉर्मवर भेटते. त्या दिवसांत मी लिहीन, असंही कबूल करायचं नाहीये मला.

तर, प्रयोग तोंडावर असताना असे दिवस मागणं म्हणजे बाकीच्या सहा जणांवर अन्याय आहे का? आणि तुम्ही हे कसं बसवता?

---

दोन_नंबरचा_डिमर

ताई, मी डोंबिवलीचा, प्रकाशयोजना करतो. अन्यायाबिन्यायाचं नंतर बघू. आधी मला सांगा, तुमची सातही पात्रं राहतात कुठे?

विचारायचं कारण असं. दादरला तालीम ही आपल्याकडे जवळपास श्रद्धा आहे. तिला एकेकाळी भक्कम कारण होतं. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग दादरला भेटतात, म्हणजे बोरिवलीचा नट आणि मुलुंडची नटी दोघांना सारखंच पडतं. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं सुरू केली, ती चळवळ तिथे टिकली याचं निम्मं श्रेय मी त्या जिन्याखालून पाच मिनिटांवर असलेल्या स्टेशनला देतो. (जुनी मंडळी चिडतील. चिडू देत.) पण तेव्हा नाटकवाले गिरगाव, दादर, पार्ल्यात राहत होते. आता भाडं परवडत नाही म्हणून निम्मे ठाण्याच्या पलीकडे गेलेत, आणि तालीम मात्र अजून दादरलाच.

आमच्या मागच्या नाटकाला पाच जण ठाणे ते अंबरनाथ पट्ट्यातले निघाले. आठवड्यातले दोन दिवस डोंबिवलीला लावले, एका ओळखीच्यांच्या क्लासच्या खोलीत. बाकडी भिंतीला लावायची की झाला स्टेज. गर्दीच्या वेळी दादरहून डोंबिवली गाठायची म्हणजे अंगाचं पिठलं होतं, ते खरंय. पण तालीम संपल्यावर तुम्ही घरापासून अर्ध्या तासावर असता.

दुसरं, प्रवेशवार बोलवा. पहिल्या अंकात तुम्ही कितीशा आहात? ज्याचा प्रवेश नाही तो हॉलच्या कोपऱ्यात मोबाइल बघत तीन तास काढतो आणि त्याला आपण टीम स्पिरिट म्हणतो.

जाता जाता: रविवारी सकाळचा प्रयोग म्हणजे परतीला मेगाब्लॉक. तो बऱ्याचदा माटुंगा-मुलुंडच असतो आणि अकराच्या सुमारास सुरू होतो. येताना अडणार नाही, पण सामान टेम्पोने जाऊ दे. मालडब्यात लेव्हल्स (स्टेजवर मांडायचे लाकडी चौथरे) चढवायचा पराक्रम आम्ही केलाय, परत करणार नाही.

---

नाटकवाल्याची_बायको

घरच्यांनीही लिहावं म्हटलंत म्हणून लिहिते. एरवी वाचनमात्र असते.

आमचे हे नाटकात. मी ठाण्याला, दोन मुलं, माझीही नोकरी. लोकांना वाटतं आम्हाला वेळ हवा असतो. आम्हाला तारीख हवी असते. 'या आठवड्यात बघू' हे ऐकून ऐकून कान किटलेत. त्यापेक्षा 'वीस तारखेपर्यंत मी घरात नाही असं समज' हे परवडतं. मी माझी कामं, माझ्या आईला बोलावणं, सगळं त्यावर लावते. फ्रिजवर कागद चिकटवा. तालमीच्या तारखा एका रंगात, घरच्या दुसऱ्या. आणि घरच्या तारखेवर तालीम पडली, तर ती कोणी टाकली त्याचं नावही लिहा.

आणि तो आठवडा घेतलात तर पूर्ण घ्या. देह स्वयंपाकघरात आणि डोकं दुसऱ्या अंकात, असा माणूस घरात नसलेला बरा. आमच्याकडे भाजीला फोडणी देताना संवाद चालतात आणि मोहरी जळते. फोनवर तालमीचे व्हिडिओ बघत मुलीला पोपटी दाखवणार असाल तर सरळ दादरलाच जा.

एक गोष्ट कोणी बोलणार नाही म्हणून मीच बोलते. सासऱ्यांचा दमा, मुलीची सुट्टी, हे सगळं तुमच्या यादीत आहे. तुमचे मिस्टर शिफ्ट बदलून घेऊ शकतात का, हे प्रश्नात कुठेच नाही.

---

मधला_पडदा

मी दिग्दर्शन करतो, त्यामुळे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

डिमर दादा, प्रवेशवार तालीम सुरुवातीला ठीक. ब्लॉकिंगला तर एखादं पात्र नसलं तरी बदली उभा करून हालचाली बसवता येतात. पण शेवटच्या दहा-बारा दिवसांत मला सातही जण लागतात, आणि ते हट्टापायी नाही. नाटकात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा महत्त्वाचा असतो. समोरचा किती वेळ गप्प राहतो, कुठे मान वळवतो, त्यावर याचं पुढचं वाक्य पडतं. बदली माणूस क्यू देतो, ते ऐकणं देत नाही. मावशींचा एकसुरी क्यू पाठांतराला उत्तम, तालमीला नाही.

तरीही ताई, मी तुमच्या दिग्दर्शकाच्या बाजूने नाही. प्रयोग जानेवारीत आणि डिसेंबर अखेरीस तुमच्याकडून दिवसदिवसभराच्या तालमी हव्यात, याचा अर्थ नाटक बसवायला उशीर झालाय आणि त्याची भरपाई तुमच्या रजेतून चाललीय. सलग आठ तासांच्या तालमीत शेवटचे तीन तास सगळे नुसते पाट्या टाकतात, हे मी स्वतः नटांना पिळून बघितलंय. तीन तास पुरतात, आधी काय करायचं ते ठरलेलं असलं तर.

खरा घोळ मला संहितेत दिसतो. तुम्ही अजून रात्री बारानंतर प्रवेश बदलताय? परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र तुम्ही पाठवलेल्या संहितेला मिळतं, गाडीत सुचलेल्या नव्या शेवटाला नाही. ते सोडा, नटांचा विचार करा. पाठ झालेलं वाक्य विसरून त्याच जागी दुसरं बसवणं नव्या पाठांतराहून अवघड असतं. ऐन प्रयोगात जुनंच तोंडात येतं. एक तारीख ठरवा, त्यानंतर लेखिका रजेवर आणि नटी कामावर. तुमच्यातल्या लेखिकेला सुट्टी मिळाली की नटीला झोप मिळेल.

आणि गाडीत दारात उभं राहून संवाद म्हणू नका. गाडीच्या आवाजावर आपला आवाज आपोआप चढतो, वर डिसेंबरची कोरडी हवा आणि धूळ. घसा बसला की तो आठवडा घरी काय, दारी काय, वायाच.

---

उपनगरी_पाहुणा

बाकी चालू द्या. त्या मावशींना पहिल्या रांगेचा पास दिलात का? नसेल दिला तर आधी तो द्या.

---

रात्रीची_कर्जत

सगळ्यांचे आभार. मावशींना पास देणार आहे. त्यांनी विचारलंय, सकाळचा प्रयोग किती वाजता सुटतो, दुकान रविवारीही उघडं असतं.

डिमर दादा, तुम्ही विचारलंत म्हणून यादी केली. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मी, आणि तिघे पश्चिमेचे. गंमत म्हणजे दुसऱ्या अंकात ज्यांच्याशी माझे प्रवेश आहेत ते सगळे मध्यवालेच. इतके दिवस आम्ही चौघं दादरला जाऊन एकमेकांना भेटत होतो आणि एकाच गाडीने परत येत होतो! मंगळवार-गुरुवार दुसरा अंक डोंबिवलीला, असं दिग्दर्शकाने मान्य केलंय. तो स्वतः गोरेगावचा आहे, त्यामुळे त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रजेचा आठवडा: २४ ते २८ मी नाही. २९ पासून रोज संध्याकाळी पूर्ण रनथ्रू, त्याला मी ऑफिस नसल्यामुळे ताजी असेन, हा मुद्दा मीच पुढे केला आणि तो चालला. आधी थोडं धुमसणं झालं. एका नटाने 'आम्हाला पण घर आहे' असं ऐकवलं, त्यावर मी त्यालाही त्याचे दिवस सांगायला सांगितलं. त्याच्याकडे सांगायला तारखाच नव्हत्या. वहिनी, तुमचा तारखेचा मुद्दा तिथल्या तिथे पटला. मिस्टरांबद्दल लिहिलंत ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन रात्रपाळ्या बदलून घेतल्यात आणि वर 'आधी विचारायचं ना' असं म्हणाले. यावर मी काय बोलणार.

संहिता गोठवली. शेवटून दुसरा प्रवेश मला अजून खटकतोय, पण 'मधला पडदा' म्हणतात तसा तो आता नटांचा झाला. फक्त एका ठिकाणी मी नवऱ्याच्या तीन वाक्यांतली दोन काढून टाकली. कमी केलेलं पाठ करावं लागत नाही, एवढी पळवाट मी घेतली.

आता एकच काम. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाता येईल, अशी एखादी खोली किंवा हॉल कोणाच्या माहितीत आहे का? मंगळवार-गुरुवार, रात्री आठ ते साडेदहा. पंखे, आरसे काही नको. तळमजला मात्र हवा, किंवा खाली कोणाचं बिऱ्हाड नको, कारण दुसऱ्या अंकात पितळी घागर दोनदा आपटायची आहे आणि ती खरी आहे.