भाकरीला ताटाबाहेर काढण्याची लाट
(एका चर्चापीठावरचा संवाद; नावे सदस्यांची टोपणनावे आहेत.)

माजघर :
गेल्या महिन्यात एका घरगुती कार्यात माझ्या भाचीने ताटातली ज्वारीची भाकरी उचलून शेजारच्या ताटात ठेवली आणि डब्यातून आणलेले पनीरचे तुकडे खाल्ले. पिठल्यालाही तिने हात लावला नाही, कारण बेसनातही कर्बोदके असतात. हिशेब तिचा बरोबर होता. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चौतीस. आणि कर्बोदके तोडून वजन उतरवणाऱ्या अ‍ॅटकिन्स आहाराच्या पहिल्या टप्प्यात दिवसभराची मर्यादाच वीस ग्रॅमची असते.

कर्बोदके तोडण्याची ही कल्पना नवी म्हणून मिरवली जाते, तिथे माझा पहिला आक्षेप आहे. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडून वजन कसे उतरवले, याची पुस्तिका १८६३ मध्येच काढली होती. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक १९७२ चे. त्यांच्या नावाच्या कंपनीने २००५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मग तीच कल्पना ‘कीटो’ आहार होऊन परतली.

दुसरा आक्षेप पहिल्या पंधरवड्यातल्या चमत्काराला आहे. यकृत आणि स्नायू मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, बाळगतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके तोडली की हा साठा संपतो आणि पाणीही जाते. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, त्यात चरबी थोडीच असते. अशा आहाराला मी फॅडच म्हणेन.

सोमवारपासून :
आठ महिन्यांत माझे चौदा किलो उतरले आहेत, आणि ते सगळे पाणी नक्कीच नव्हते. मुख्य म्हणजे भूक आटोक्यात आली. पूर्वी अकरा वाजता पोहे खाल्ले तरी एक वाजता हात बिस्किटाच्या डब्याकडे जायचा. आता अंडी आणि पालेभाजी खाल्ल्यावर दुपारपर्यंत खाण्याची आठवणही होत नाही. उपाशी न राहता कमी खाल्ले जात असेल, तर त्याला फॅड म्हणून हिणवण्यात काय अर्थ आहे?

माजघर :
आपले अभिनंदन, आणि भुकेचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र एकाच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम निघत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना दोन गटांत विभागून वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन सरासरी ६ किलोंनी आणि कमी स्निग्ध पदार्थांच्या गटाचे ५.३ किलोंनी उतरले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, असे दोन्ही गटांना सांगितले होते. मला तर श्रेय या सूचनेचेच वाटते.

चतकोर :
वजनाच्या काट्यापलीकडेही काही असते, हे दोघांनीही सोडून दिले आहे. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने मधुमेहींची साखर सुधारण्यासाठी सर्वाधिक पुरावा एकूण कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने असल्याचे नमूद केले आहे. आपल्याकडे आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आमच्या घरी तीन भाकऱ्या, वर भात आणि सोबत बटाट्याची भाजी हे साधे जेवण होते, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निव्वळ पिष्ट! दोन वर्षांपूर्वी मी एक भाकरी ठेवून बाकी ताट डाळ, मटकी आणि भाज्यांनी भरले, आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. गेल्या महिन्यापासून तर रात्रीची तीही भाकरी बंद केली आहे आणि आता दुपारचीही सोडण्याच्या बेतात आहे. हे फॅड असेल, तर असू द्या.

तळटीप :
पंचवीस वर्षे रुग्ण पाहत आल्यामुळे इथे हस्तक्षेप करतो. चतकोर, तुमची दोन वर्षे आणि तुमचा गेला महिना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन भाकऱ्यांवरून एकीवर येणे हा संयम झाला आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेही तृणधान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगतात. परंतु कर्बोदके जवळजवळ शून्यावर नेली की शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्ले तयार करू लागते. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त घातक प्रमाणात आम्ल होणे, होऊ शकतो. रुग्णाला मळमळते, धाप लागते. घरचे साखर तपासतात, ती ठीक दिसते आणि मौल्यवान वेळ जातो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची दुसरी गोळी घेणाऱ्यांना उलट साखर अचानक उतरण्याचा धोका असतो.

सोमवारपासून यांच्यासाठीही एक प्रश्न आहे. तुम्ही अंडी खाता म्हणून तुमचे निभावते. शाकाहारी घरात प्रथिनांचा आधार डाळ असते, आणि तुरीच्या डाळीत जेमतेम २२ टक्के प्रथिने मिळवताना त्याच्या दुपटीहून अधिक कर्बोदके पोटात जातात. ती सोडली की उरते पनीर, तूप आणि बद्धकोष्ठता. काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही बरेच वाढते. तुम्ही आठ महिन्यांत ते तपासले आहे का?

सोमवारपासून :
तपासलेले नाही, या आठवड्यात तपासून घेईन. तरीही बिस्किटांकडे परत जाणार नाही, एवढे निश्चित.

माजघर :
बिस्किटांची वकिली कोणीच करत नाही. माझा वाद भाकरीपुरता आहे.

चतकोर :
तळटीप, तुमचा प्रतिसाद वाचून औषधांचा डबा काढला. सकाळच्या गोळीच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन हेच नाव आहे, आणि रात्रीची भाकरी बंद केल्याचे मी डॉक्टरांना सांगितलेले नाही. उद्या दवाखाना उघडताच फोन करतो. तोवर आज रात्री भाकरी ताटात राहील.